रंगवलेला फोटो हा पुरावा नव्हे

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात तीन विद्यार्थिनींनी एकत्र फोटो काढून घेतला. तिघी तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या आणि तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला होता. एक जपानच्या केई ओकामी, दुसऱ्या सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि तिसऱ्या आपल्या आनंदीबाई जोशी. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. पाच महिन्यांनी त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला. फोटो अर्थातच काळा-पांढरा आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तो रंगीत होऊन मोबाइलवर फिरू लागला आहे, आणि आनंदीबाई आता खऱ्याखुऱ्या दिसल्या असे लोक मनापासून म्हणतात.

त्यांच्या आनंदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यामागच्या समजुतीला. ती आता इतकी रुळली आहे की शताब्दी अंकांचे संपादक, चरित्रांचे प्रकाशक आणि संस्थांच्या स्मरणिका काढणारे शिकलेसवरलेले लोकही ती धरून चालतात. म्हणून तिचा पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. जग तेव्हाही रंगीतच होते. काळा-पांढरा फोटो ही त्या काळच्या साधनांची मर्यादा होती. आज संगणक ती मर्यादा ओलांडतो. तो चिरा बुजवतो, डाग काढतो, पुसट चेहरा स्पष्ट करतो आणि करड्या छटांत दडलेला रंग वर आणतो. तेव्हा दुरुस्त केलेली रंगीत प्रत ही मूळ फोटोपेक्षा वास्तवाच्या अधिक जवळ जाते.

यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरेही बऱ्याच अंशी खरे आहे. पुढचे सगळे चूक आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे करड्या छटांत रंग दडलेला असतो ही कल्पना.

एकोणिसाव्या शतकात फोटो ज्या काचेवर उमटे, ती काच सगळे रंग पाहतच नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत आणली. रिचर्ड मॅडॉक्स यांच्या १८७१ च्या प्रयोगांतून पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या. या दोन्ही प्रकारच्या काचांवर चांदीचे क्षार असत आणि त्यांच्यावर परिणाम होई तो निळ्या, जांभळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचा. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. जुन्या डार्करूममध्ये लाल दिवा लावून निर्धास्त काम करता येई ते याचमुळे. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा दाखवण्याची वाट शोधली, पण सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. त्यानंतरही साध्या काचा बरीच वर्षे वापरात होत्या.

आता हे आपल्या माणसांना लावून पाहा. त्या काचेवर कपाळाचे कुंकू काळे उमटते. हळदीचा पिवळा गडद होतो. निळे लुगडे फिकट, कधी कधी पांढुरके दिसते. लोकमान्यांची लाल पगडी फोटोत काळपट दिसते ती म्हणूनच. आणि माणसाची कातडी? गव्हाळ किंवा सावळ्या वर्णात निळा प्रकाश कमी परावर्तित होतो, म्हणून चेहरा प्रत्यक्षापेक्षा अधिक काळा येई. गिऱ्हाइकाला ते आवडत नसे, म्हणून स्टुडिओतला रिटचिंग करणारा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो उजळ करी. म्हणजे त्वचेची छटा एकदा काचेने बदलली आणि मग दुसऱ्यांदा पेन्सिलीने. त्यातून संगणक मूळ वर्ण कसा काढणार?

याहून गंभीर उदाहरण घेतो. त्या काळच्या ब्राह्मण घरातली विधवा बाई आलवण नेसे. त्याचा रंग तांबडा. त्याच घरातली सवाष्ण संक्रांतीला चंद्रकळा नेसे, ती काळी. निळ्या प्रकाशापुरतेच पाहणाऱ्या काचेवर तांबडे आलवण आणि काळी चंद्रकळा या दोन्ही वस्त्रांची छटा एकच, गडद. डोळ्यांपुढे धरलेल्या फोटोत कोण विधवा आणि कोण सवाष्ण हे ओळखायचे तर डोक्यावरून ओढून घेतलेला पदर, मोकळा गळा आणि मोकळे हात पाहावे लागतात. कापडाच्या छटेवरून काहीच कळत नाही. संगणक त्या दोन्ही वस्त्रांना त्याच्याजवळच्या गडद रंगांतला एखादा रंग देईल, चॉकलेटी म्हणा, गर्द निळा म्हणा. तेव्हाच्या समाजाने त्या बाईवर जो रंग लादला, जो पाहून रस्त्यावरचा माणूस तिची स्थिती ओळखत होता, तो रंग नव्या प्रतीतून कायमचा जाईल. आणि प्रत पाहणाऱ्याला वाटेल, आजीचे लुगडे किती छान निळे होते.

संगणक हे जाणूनबुजून करत नाही. त्याची शिकवणीच तशी झालेली असते. अमेरिकेत बर्कली येथील रिचर्ड झांग, फिलिप आयसोला आणि अलेक्सी एफ्रॉस यांचा २०१६ चा शोधनिबंध या विषयातला पायाचा मानला जातो. त्यांनी इंटरनेटवरून जमवलेले दहा लाखांहून अधिक रंगीत फोटो घेतले, संगणकानेच त्यांचे रंग काढून करड्या प्रती केल्या आणि त्या प्रतींवरून रंगांचा अंदाज करायला यंत्राला शिकवले. म्हणजे यंत्र ज्या करड्या छटा वाचायला शिकले त्या आजच्या डिजिटल फोटोतल्या उजेडाच्या आहेत, सगळे रंग मोजून काढलेल्या. आनंदीबाईंच्या काळातली करडी छटा निराळ्या हिशेबाने तयार झाली. दोन्ही दिसायला करड्याच, पण एकीचा हिशेब दुसरीला लागू पडत नाही. शिवाय त्या संशोधकांनी स्वतःच स्पष्ट लिहिले आहे की खरा रंग परत मिळवणे हा त्यांचा उद्देश नाही. पाहणाऱ्याला पटेल असा रंग देणे हा आहे. त्यांच्या चाचणीत यंत्राने रंगवलेला फोटो आणि खरा रंगीत फोटो शेजारी ठेवले असता शंभरातल्या बत्तीस वेळा लोक फसले. ज्यांनी यंत्र घडवले त्यांनी केलेला दावा इतकाच आहे. त्यापुढचा दावा आपण केला.

याउलट एक उदाहरण आहे. सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हे रशियन छायाचित्रकार १९०९ पासून काही वर्षे झारच्या पाठबळाने देशभर फिरले. एकाच दृश्याचे ते लागोपाठ तीन फोटो घेत, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून, एकाच लांबट प्लेटवर एकाखाली एक. त्यांच्या सुमारे १९०० प्लेट्स अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या आणि २००० नंतर संगणकावर त्या तिन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवून रंगीत चित्रे तयार केली. ते रंग खरे आहेत, कारण ते काचेवर नोंदले गेले होते. ल्युमिएर बंधूंच्या १९०७ च्या ऑटोक्रोम काचांबद्दलही हेच म्हणता येते. फ्रान्सच्या आल्बेर कान यांनी पाठवलेल्या छायाचित्रकारांनी त्या काचांवर पहिल्या महायुद्धाच्या आधी भारतातलेही रंग टिपले. माझा वाद संगणकाशी नाहीच. जे नोंदले गेले ते संगणकाने वर काढले तर त्याचे ऋण मानावे. जे नोंदलेच गेले नाही ते त्याने सांगितले तर तो त्याचा तर्क समजावा.

रंगापेक्षाही जास्त भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे चेहऱ्याची दुरुस्ती. त्याकडे लोकांचे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुसट चेहरा स्पष्ट करणारे आजचे बहुतेक कार्यक्रम चेहऱ्यांच्या मोठ्या संग्रहावर शिकलेले आहेत. त्यांतला फार वापरला गेलेला संग्रह सत्तर हजार चेहऱ्यांचा, फ्लिकर या संकेतस्थळावरच्या फोटोंतून घेतलेला. मूळ चेहऱ्यात जिथे माहिती नाही तिथे या संग्रहातून शिकलेला डोळा, शिकलेले नाक, शिकलेले ओठ येतात. फोटो जितका खराब तितका परका चेहरा जास्त. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांचा 'पल्स' नावाचा कार्यक्रम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा कुणीतरी त्याला बराक ओबामांचा अगदी बारीक, चौकटी-चौकटींचा फोटो दिला. कार्यक्रमाने त्यातून एक सुस्पष्ट चेहरा काढला. तो एका गोऱ्या माणसाचा होता. ओबामांना सगळे जग ओळखते म्हणून ती चूक तत्काळ सापडली. आपल्या पणजोबांना ओळखणारे आता कोण आहे?

आमच्या घरातल्या एका जुन्या समूहचित्रावर असा एक कार्यक्रम चालवून पाहिला. मध्यभागी बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या हनुवटीवर तीन टिंबांचे गोंदण आहे. मूळ फोटोत भिंगाखाली ते नीट दिसते. नव्या प्रतीत हनुवटी स्वच्छ. यंत्राच्या लेखी तो फोटोवर पडलेला डाग होता, बुरशीच्या ठिपक्यांबरोबर तोही गेला. तिच्या मागे उभ्या माणसाच्या गालावर देवीचे व्रण आहेत, तेही गुळगुळीत झाले. देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ मध्ये हटला; त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी ते व्रण चेहऱ्यावर वागवले. फोटोचे नुकसान आणि माणसाची खूण यांतला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती फोटो देऊन आपण त्याला दुरुस्ती म्हणतो आहोत.

आणि ही वाट कुठपर्यंत जाते तेही जगाने पाहिले आहे. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात ख्मेर रूज राजवटीने हजारो कैद्यांना मारण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवले होते. एप्रिल २०२१ मध्ये त्यांतल्या काही फोटोंच्या रंगीत प्रती एका आंतरराष्ट्रीय माध्यमाने प्रसिद्ध केल्या. लोकांनी त्या मूळ फोटोंशी ताडून पाहिल्या तेव्हा काही चेहऱ्यांवर हसू चढवलेले आढळले. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केला, प्रती काढून घेतल्या गेल्या. हा अपराध उघड झाला कारण मूळ फोटो संग्रहालयात सुरक्षित होते. ते नसते तर मृत्यूच्या दारात हसणारी माणसे हाच इतिहास ठरला असता.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार आक्षेप. फोटो हाताने रंगवणे ही तर आपलीच जुनी कला. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या वाड्यांतून रंगवलेले फोटो टांगलेले असत. चित्रकार फोटोवर इतके दाट रंग चढवीत की खालचा कागद दिसत नसे. मग संगणकानेच काय पाप केले? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण फरक पाहिला पाहिजे. ज्याचा फोटो तो माणूस किंवा त्याच्या घरचे चित्रकाराला सांगत, शेला केशरी हवा, अंगरखा पांढरा हवा. त्या सांगण्यात खरे किती आणि हौस किती हा प्रश्न राहतो, तरी तो रंग त्या काळातल्या माणसाचा होता. चित्रकार एका छापील प्रतीवर काम करी, निगेटिव्ह स्टुडिओत राही. आणि मुख्य म्हणजे रंग हा रंग म्हणून दिसे. कुंचल्याचे फटकारे लपवलेले नसत, त्यामुळे पाहणाऱ्याची फसगत होत नसे. आज हे तिन्ही आधार सुटले आहेत. सांगणारा नाही, मूळ प्रत स्कॅन झाल्यावर अडगळ ठरते, आणि रंग इतका बेमालूम की तो नंतरचा आहे हे कळू नये हीच त्याची गुणवत्ता मानली जाते.

दुसरा आक्षेप असा की फोटो तरी कुठे सत्य असतो? बरोबर आहे. मुंबईचेच उदाहरण घ्या. तिथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली.  त्याच मुंबईतल्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ पासून शहरातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ काढला. त्यातली माणसे एकीकडे आणि पार्श्वभूमीची दृश्ये दुसरीकडे टिपून मग दोन्ही जोडलेली आहेत. पण हे आपल्याला कळते कशावरून? माणसांच्या कडेने दिसणाऱ्या जोडाच्या रेषेवरून. दुरुस्तीचा कार्यक्रम सर्वांत आधी तीच रेषा मिटवील, आणि जॉन्सनची करामत अस्सल दृश्य होऊन बसेल. फोटोत खोटेपणा असतो म्हणूनच त्यावरची प्रत्येक खूण जपायची असते. तरुण पिढी काळे-पांढरे पाहत नाही, रंग दिला तरच ती इतिहासाकडे वळते, या युक्तिवादाला मात्र फार वेळ देण्याची गरज वाटत नाही. ज्या इतिहासाकडे ती अशाने वळेल त्यातले रंग खरे नसतील.

हे झाले खंडन. मग खराब फोटो तसाच कुजू द्यायचा का? मुळीच नाही. पण दुरुस्तीचा नियम काय असावा याचा विचार आपल्याकडे पूर्वीच झालेला आहे, तोही पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. शेकडो पोथ्या, हजारो पाठभेद, लेखनिकांनी घातलेली भर, वाळवीने खाल्लेली पाने. सुकथनकरांनी निर्णय घेतले, पण प्रत्येक निर्णय उघडा ठेवला. नाकारलेले पाठ तळटीपांत दिले. जिथे पाठ निःशंक नव्हता तिथे त्याच्याखाली नागमोडी रेघ मारली. वाचकाला त्या रेघेवरून कळते की इथे संपादकाची खात्री नाही. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीचे जगभर मोल आहे ते या प्रामाणिकपणामुळे. एखाद्या संपादकाने गळालेले श्लोक स्वतः रचून, व्यासांच्या शैलीत बेमालूम बसवून दिले असते तर त्याला विद्वान म्हटले असते का?

चित्रांच्या बाबतीत रोमच्या जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी हेच तत्त्व घालून दिले. रंग उडालेल्या जागी सलग रंग न भरता बारीक उभ्या रेघा ओढायच्या. दुरून चित्र सलग दिसते, जवळ गेले की नवे कुठले ते ओळखू येते. चित्रपटांतही असे काम झाले आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत सापडल्या. जळून आखडलेल्या त्या फिती अमेरिकेत जपून ठेवल्या गेल्या आणि पुढे इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ओलावा देऊन, हाताने सांधून स्कॅन झाल्या. त्यांतल्या 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. उरलेले कुणी कल्पनेने रचले नाही. इतर देशांच्या संग्रहांतल्या जुन्या प्रतींवरून घेतले. पुनर्स्थापना म्हणायची तर याला.

घरातल्या किंवा संस्थेतल्या फोटोला हे लावणे अवघड नाही. फिका पडलेल्या फोटोत थोडी चांदी शिल्लक असते. स्कॅन करून गडद-उजळ यांतला फरक वाढवला की लोपलेली आकृती दिसू लागते. ते खुशाल करा. चीर आकाशातून किंवा भिंतीवरून गेली असेल तर शेजारचा भाग घेऊन बुजवा. ती डोळ्यातून गेली असेल तर हात आवरा. त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो असेल तर त्याच्या आधाराने भरा आणि तसे लिहा. नसेल तर चीर राहू द्या. चेहरा स्पष्ट करणारी सोय बंद ठेवा. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, हात न लावता, वेगळा ठेवा. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीचे असेल तर फोटो त्यांच्या हाती देऊन विचारा, ही साडी कोणती, काठ कसला, पगडी कोणाची. ते जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी आणि तारखेनिशी लिहून ठेवा. त्या आठवणीतला रंग चुकीचाही असू शकतो, पण तो एका माणसाची साक्ष असतो आणि साक्षीची तपासणी करता येते. स्कॅन झाला म्हणून कागदाचा फोटो टाकू नका. त्याच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, कुणाचे तरी अक्षर आणि वाळलेली खळ हाही पुरावाच आहे.

संपादक आणि प्रकाशकांना एवढेच सांगणे आहे: रंगीत प्रत छापायचीच असेल तर तिच्या शेजारी, त्याच आकारात, मूळ फोटो छापा, आणि रंग कुणी, कधी, कशाच्या आधारे भरले ते फोटोखालच्या ओळीत लिहा. आधार नसेल तर तसेही लिहा.